सासूबाईंची घंटा

मंडळी, आज डोकं नुसतं तापलंय. पक्षाघातानं सासूबाईंची वाचा गेली, म्हणून मी स्पंज आणि फॉइलचं बटण बनवून मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे घंटा चालवणाऱ्या छोट्या चिपला, जोडलं होतं. दाबलं की घंटा वाजायची. पण आज सकाळपासून ती आपोआपच वाजायला लागली.

धाकट्या दिरांनी वायरच उपटली. "वहिनी, लय झाला खेळ!"

तपासलं, तर रेझिस्टर लावायचा राहिला होता, म्हणून बटण न दाबताही चिपला मधूनच दाबल्यासारखं वाटत होतं. तो लावला, वायर जोडली आणि घंटा गप्प झाली.

दुपारी ती परत वाजली. दीर बसल्या जागेवरून ओरडले, "अजून बिघडलेलीच हाय!"

मी धावले. सासूबाई कॉटवरून अर्ध्या घसरल्या होत्या, हात बटणावर.

"भावजी, तुमचीच आई हाय न्हवं?" मी किंचाळले.

बटण दुरुस्त झालं. पण हाकेला न उठणाऱ्या माणसाचं तुमी काय करता?