तिथं उजेड नाही

परवापर्यंत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचो ते भलतंच — मोताळ्याच्या बाजारातलं. पन्नाशीत मी चिखलीच्या एका फोटोवाल्याकडे कॅमेरा शिकायला जात होतो. तो म्हणाला होता, पळती गाडी टिपायची तर गाडीबरोबर आपणही वळायचं. मग गाडी स्पष्ट येते आणि मागचं सगळं पुसलं जातं. मी एका मोटरसायकलबरोबर इतक्या निष्ठेने वळलो, की थेट मिरच्यांच्या ढिगात जाऊन बसलो. फोटोत नुसतं आभाळ! हे मी प्रत्येक लग्नात सांगतो. माणूस स्वतःवर हसला की लोक पुढचं विचारत नाहीत — सोयीचं असतं ते.

पुढचं असं.

शांतावहिनी — माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून आमच्याकडेच होत्या. माझी बायको अंगणवाडीत जायची, म्हणून आमच्या राणीला न्हाऊ घालण्यापासून शाळेच्या वेण्या घालण्यापर्यंत सगळं वहिनींनीच केलं. राणी त्यांना मोठीआई म्हणायची.

राणीच्या हळदीचे फोटो मीच काढणार, हा माझा हट्ट. नवी विद्या ना! भर दुपार, मांडवावर जांभळाच्या डहाळ्या, त्यातून उन्हाचे कवडसे. सवाष्णी हळद लावत होत्या. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. हळद त्यांनीच दळून आणलेली, पण लावायला त्यांचा हात चालत नाही — आमच्याकडची रीत. तेवढ्यात राणीनं हाक मारली, "मोठीआई, तू बी लाव ना वं."

आणि वहिनी धावल्या. खरंच धावल्या — पदर सावरत, हसत. मी त्यांच्याबरोबर वळलो, बटण दाबलं. बाया, खांब, मांडव सगळं पुसलेलं. मधोमध एकच चेहरा, लख्ख. तसं मला पुन्हा कधी जमलं नाही.

मग माझी आत्या माझ्याकडे बघायला लागली. व्याह्यांकडच्या दोघीही तिथंच होत्या. आत्यावर ढकलता येईल — पण कॅमेरा कोणाच्या हातात होता? ‘मागं व्हा’ असं सरळ म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि ‘या, लावा’ म्हणायची तर त्याहून नव्हती. मग मी शिकलेलं वापरलं.

"वहिनी, तिथं उजेड नाही. जरा बाजूले व्हा, फ्रेम बिघडून राह्यली."

त्या उन्हातच उभ्या होत्या.

"हो का, भाऊजी," म्हणाल्या. "मले काय समजते त्यातलं." आणि आत गेल्या. मग जेवणावळ उठेपर्यंत पुऱ्या तळत राहिल्या.

फोटो मी त्याच संध्याकाळी पुसून टाकला. अल्बम व्याह्यांकडे जाणार होता. कोणी काही विचारलं असतं तर?

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. चार दिवसांचा ताप. राणीनं फोनवर विचारलं, बाबा, हळदीत मोठीआई माझ्याकडे येत होती, तो फोटो तुम्ही काढला होता ना? मी म्हणालो, कार्ड खराब झालं, त्यातले काही गेले. किती सहज म्हणालो! आता भिंतीवर आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय. त्यात वहिनी कोणीतरी दटावल्यासारख्या बसल्या आहेत. राणी माहेरी आली की हार बदलते, आणि दर वेळी म्हणते, मोठीआई अशी नव्हती दिसत.

मी हो म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

परवा बायकोला सगळं सांगितलं. ती तुरीची डाळ निवडत होती. वाटलं, रागावेल, ताट बाजूला सारेल. तिनं खडे वेचणंही थांबवलं नाही. मान खालीच ठेवून म्हणाली,

"माहा फोटो आताच काढून ठेवा. तुमी गेल्यावर मले कोण उभं राहू देते तिथं."