गुणवंतभाऊंचा कंगवा

आषाढातल्या एका संध्याकाळी अमरावतीच्या घरी फोन वाजला आणि पडद्यावर गुणवंतभाऊंचे नाव दिसले. गेली नऊ वर्षे याच दिवसांत, दिवेलागणीच्या सुमारास ते नाव दिसत आले होते. त्यामुळे मी सवयीने गॅलरीत गेलो, फोन कानाला लावला आणि काही न बोलता उभा राहिलो. आमच्यात तसा रिवाजच पडला होता. पलीकडून गुणवंतभाऊ एका कंगव्याच्या दातांवरून तीनदा नख फिरवत. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग, "आयकलं सर? कोनी ओ देत नाही," एवढे बोलून फोन ठेवून देत. त्या दिवशी कंगवा वाजलाच नाही. मी वाट पाहत राहिलो... शेवटी त्यांच्या मुलीचा, अर्चनाचा आवाज आला, "काका, बाबा गेले. आज सकाळी." मी उत्तरादाखल काय बोललो, ते आठवत नाही. पहिल्या क्षणी मला काय वाटले, ते मात्र आठवते, आणि ते लपवायचे असेल तर हे लिहिण्यात काही अर्थ नाही. मला सुटल्यासारखे वाटले.

गुणवंतभाऊंचा फुलांचा व्यवसाय होता. अकोल्यात जठारपेठेतल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहत असे आणि तिथल्याच एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे. घरामागे झेंडू, शेवंती, मोगरा, आणि मधोमध त्यांच्या वडिलांनी खणलेले लहानसे तळे. पावसाळ्यात त्या तळ्याच्या काठावर अंगठ्याच्या पेराएवढे बेडूक जमत. गुणवंतभाऊ दहावीच्या पुढे शिकलेले नव्हते; पण संध्याकाळी फुलांच्या करंड्या रिकाम्या झाल्या की ते तळ्याकाठी उकिडवे बसत, खिशातला कंगवा काढून त्यावर नख फिरवत, आणि काठाच्या गवतातून हुबेहूब तसाच आवाज परत येई. जो ओ देई त्याला ते उचलत, पण आधी तळहात पाण्यात भिजवून. कोरड्या हाताने बेडकाच्या कातडीला त्रास होतो, हे पुस्तकात असलेले वाक्य मी वर्गात कितीदा सांगितले असेल; करताना पाहिले ते पहिल्यांदा त्यांना. पाठीवरच्या बारीक घड्या, मधली फिकट रेघ, बोटांमधला पडदा कुठपर्यंत येतो, हे सगळे ते एका वहीत पेन्सिलीने काढून ठेवत. जवळ नाव नसे, म्हणून चित्र काढत. नाव विचारायला ते माझ्याकडे येत, आणि मला ते फार आवडे.

एका पावसाळ्यात मी विद्यार्थ्यांना ते तळे दाखवायला आणले. वीस-बावीस मुलेमुली चिखलात उभी होती. काठावर गात असलेला एक छोटा बेडूक हातात घेऊन मी सांगितले, ही स्वतंत्र जात नव्हे, मोठ्या बेडकाचे हे पिल्लू. मागून गुणवंतभाऊ म्हणाले, "सर, पोर हाय म्हनता, त मंग गाऊन कावून राह्यलं?" मी हसून म्हटले, पिल्लेही आवाज करतात. त्यांनी तो बेडूक माझ्या हातून अलगद घेतला, उलटा केला आणि त्याच्या गळ्याखालचा काळा डाग मुलांना दाखवला. "हे पाहा. याले त दाढी फुटली. दाढी फुटल्याबिगर कोनी पोरीले हाका मारते काय?" मुले इतकी हसली की एक जण चिखलात बसला. गुणवंतभाऊही हसले. त्यांच्या मनात काडीचाही कुत्सितपणा नव्हता, हे मला तेव्हाही समजत होते. त्यांचे बरोबर होते, हेही समजत होते. वयात आलेला नरच गातो. जो गातो तो पिल्लू असू शकत नाही.

मी तिथेच "हो, चुकलो" म्हणालो असतो, तर आज गुणवंतभाऊंविषयी फार सुंदर लेख लिहू शकलो असतो. मी म्हणालो, "पुस्तकात पाहून सांगतो." दुसऱ्या दिवशी मी फळ्याकडे वळलो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी कंगव्यावर नख फिरवले. टिर्रर्र... ते वर्ष संपेपर्यंत माझ्या वर्गात अधूनमधून बेडूक बोलत राहिला. मुलांना मी केव्हाच माफ केले. गुणवंतभाऊ जिन्यावर भेटत, "सर, शेवंती आनली, वहिनीले देजा," म्हणत. मी शेवंती घेई, आणि तेव्हाच मनात ठरवत असे की या माणसाला कधीतरी खाली मान घालायला लावायची.

संधी वर्षभराने चालत आली. गल्लीत तापाची साथ पसरली. डास तळ्यामुळे होतात, ते बुजवा, असा शेजाऱ्यांनी धोशा लावला. भांडण वाढले तेव्हा गुणवंतभाऊंनीच तोड काढली. सगळ्यांसमोर म्हणाले, "आपले सर हायेत ना वरते! सर जे लेहून देतीन ते मले मंजूर." तो डास तळ्यातला नव्हता. गल्लीतल्या प्रत्येक घराच्या खिडकीत उन्हाळ्यातला कूलर तसाच उभा होता, आणि त्याच्या टाकीत शिळे पाणी साचलेले होते. तळ्यातले मासे तर अळ्या शिल्लकच ठेवत नव्हते. मला हे माहीत होते. तरी महाविद्यालयाच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात मी लिहिले: 'सदर तळ्यात केवळ सामान्य बेडकांची पिल्ले आढळतात. तळे बुजविणे हितावह.' 'पिल्ले' हा शब्द मी मुद्दाम ठसठशीत काढला. बरे वाटले.

गुणवंतभाऊंनी कागद दोनदा वाचला. 'पिल्ले' या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले... मग कागदाची घडी करून खिशात, कंगव्याशेजारी ठेवली. शब्द दिला होता, म्हणून दोन ट्रॉल्या मुरूम त्यांनी स्वतःच्या हाताने पसरला. कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. त्या वर्षी तापही हटला नाही. मी अमरावतीला नोकरी शोधली आणि निघून आलो. पुढच्या आषाढात पहिला फोन आला.

एकदाच, चौथ्या वर्षी, मी अकोल्याला जाऊन त्यांची माफी मागितली. त्यांनी चहा केला, साखर विचारली, आणि म्हणाले, "माह्या कानात काय सांगता, सर? चार लोकायसमोर खोटं लेहलं, चार लोकायसमोर खरं लेहा. पेपरात लेहा. मंग पाहू." मी लिहीन म्हणालो. घरी आलो आणि लिहिले नाही. कधी पदोन्नती आडवी आली, कधी विद्यार्थी काय म्हणतील ही भीती. त्यांचा सूड मात्र एका आषाढालाही चुकला नाही. सूड कसा घ्यावा, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे होते: खोटे एक अक्षर नाही, शिवी नाही, फक्त जे मी केले, ते वर्षातून एकदा मलाच ऐकवायचे.

तेरवीला गेलो. मागच्या बागेत इंचभर जागा रिकामी नव्हती; फक्त मधोमध तळ्याएवढा मुरमाचा तुकडा नऊ वर्षे उजाड ठेवलेला होता. झेंडूचे एक रोपही त्यावर नाही. खोलीत त्यांची वही, माझा तो कागद आणि कंगवा खिडकीत एकत्र ठेवलेले होते. कंगव्याचे मधले चार दात झिजून आखूड झाले होते. मी अर्चनाला म्हटले, "आठवण म्हणून हा कंगवा मला देशील? मी आता लिहिणार आहे, सगळे, पेपरात." तिने तो माझ्यासमोरून उचलून मुठीत धरला.

"लेहा काका. लेहाच. पन बाबा सांगून गेले, सरायनं लेहलं तरी फोन बंद करू नको. हा कंगवा सरायले द्याचा नाही, आयकवाचा."

म्हणून चार लोकांसमोर लिहितो: ती पिल्ले नव्हती. तो पूर्ण वाढलेला, स्वतंत्र जातीचा छोटा बेडूक होता. गुणवंतभाऊंचे बरोबर होते, आणि मी तेव्हाच ते जाणत होतो. तळे मी बुजवले.

फोनमधले त्यांचे नाव मी बदललेले नाही. पुढच्या आषाढात ते पडद्यावर दिसेल, तेव्हा गॅलरीत जाईन आणि फोन कानाला लावीन...