पहिल्या तीन जागा

किस्से मी मुद्दाम जमवत नाही हो, पण तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या ऑफिसात, एकाच फाईलवर तीन माणसं बसवली की ते आपोआप साठतात! फाईल एका बोल्ट कारखान्याच्या मशीनची. प्रत्येक सेटिंगची जागा ठरलेली. आमच्या पायथन स्क्रिप्टनं नेमकं तिथं जाऊन तेवढंच बदलायचं. तिकडे गावी सांगलीला बहिणीचा साखरपुडा ठरलेला, आणि आमचे साहेब, रावसर, म्हणतात, "फाईल चालली की जा." झालं! अडकलो मी.

*

पहिल्याच दिवशी आमच्या ज्युनियरनं, शरण्यानं, फाईल राईट मोडमध्ये उघडली. त्या मोडमध्ये उघडल्या उघडल्या आतलं सगळं साफ होतं.

"सर, मी अजून एक अक्षरही लिहिलं नाही!"

"तेच तर! आता कुणाचंच एक अक्षर उरलं नाही!"

बॅकअप शोधण्यात दिवस गेला.

*

मग बाईंनी अपेंड मोड लावला. आता कुठलीही जागा दाखवा, स्क्रिप्ट शेवटीच लिहिणार. टी. नगरच्या बसमध्ये कंडक्टर सगळ्यांना मागे पिटाळतो ना, तसं!

"पण सर, या वेळी काही पुसलं नाही ना?" शरण्या खुशीत. मी कपाळावर हात मारून घेतला.

*

कारखान्याचे मालक त्याहून पुढचे. ओव्हनच्या तापमानाला दोनच आकड्यांची जागा. यांनी पंच्याण्णवचं शंभर केलं. तिसरा आकडा शेजारच्या जागेवर जाऊन बसला, तिथं पंख्याचं 'एक' होतं, त्याचं शून्य झालं. पंखा बंद!

"सर, मधे लिहिलं की पुढचं सरकत नाही, मरतं!" मी फोनवर ओरडलो.

"मग सांगा की त्याला जरा सरकून घ्यायला!"

तेवढ्यात आईचा फोन. "अरे, एकुलता एक भाऊ तू. येतोयस की नाही?"

*

शुक्रवारी सगळं जमलं. संध्याकाळची गाडी. आणि दुपारी मशीन फाईल ओळखेचना! उघडून बघतो तर मशीनच्या नावाची पहिली तीन अक्षरं गायब, आणि तिथं तमिळ 'उ'.

आमचे रावसर तंजावरचे मराठी. कागदाच्या माथ्यावर पिळ्ळैयार सुळी, म्हणजे गणपतीची ती 'उ'सारखी खूण, काढल्याशिवाय त्यांचं पेन चालत नाही. शुभारंभ म्हणून यांनी ती स्क्रिप्टमधून फाईलच्या माथ्यावर लिहिली! कॉम्प्युटरात इंग्रजी अक्षराला एक जागा लागते, तमिळ अक्षराला तीन. त्या एका अक्षरानं तीन जागा खाल्ल्या.

"रावसर, काढतोय मी हे!"

"अय्यो, आज प्रवासाला निघतोस ना रे? पिळ्ळैयारला पुसून निघतोस?"

हात थांबला माझा, काय करणार! चरफडत बसलो, त्या खुणेमागं मशीनचं नाव आणि बाकीचं सगळं पुन्हा लिहिलं, आणि फाईल लिहिणाऱ्या अन् वाचणाऱ्या, दोन्ही प्रोग्रॅममधल्या सगळ्या जागा तीननं पुढं सरकवल्या. गाडी अक्षरशः धावत पकडली.

साखरपुड्यात बहिणीशेजारी पेढ्यांचं ताट घेऊन उभा होतो. फोन वाजला. रावसर.

"फाईल फस्टक्लास चालते पा! मालक एकदम खूश. फक्त विचारतायत, पिळ्ळैयारला जागा दिलीत, मग त्याच्या भावाला, मुरुगनला, का नाही? सोमवारपर्यंत होईल ना?"