मागंबी पाणीच हाये

गोदावरीला पूर आला की आमच्या गावच्या बाया खण-नारळ घेऊन तिची ओटी भरायला जायच्या. मथुराकाकू मात्र रिकाम्या हातांनी जायच्या आणि कमरेवर हात ठेवून तिच्याशी भांडायच्या. "न बोलवता घरात घुसती, चिखल टाकून जाती, अन् हिची ओटी भरू? बिलकुल न्हाई भरनार!" बाकीच्या बाया कानांवर हात ठेवायच्या. आम्हा शेजाऱ्यांना त्या आवाजाची सवय होती. आमच्या गल्लीत कोंबड्याचं काम काकूच करायच्या.

तशी पुराची आम्हाला फारशी धास्ती नव्हती. गावच्या निम्म्या लेकी दुधना नदीच्या काठच्या एकाच गावात दिलेल्या. काकूंची रंजनाही तिथंच. गोदावरी आमच्या गावात शिरली की तिकडून भाकरी-पिठल्याचा ट्रॅक्टर यायचा. दुधना चढली की आमच्याकडून जायचा. म्हणून अडीअडचणीला घरात काही राखून ठेवावं, असं कुणाला वाटायचं नाही. जणू दोन्ही नद्यांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या! शहाणेच आम्ही.

त्या वर्षी मात्र पावसानं सगळा मराठवाडाच धरला. एकाही नदीला सोडलं नाही. गाव पाण्यात गेलं आणि आम्ही सगळे टेकडीवरच्या देवळात जाऊन बसलो. काकूंनी रंजनाला फोन लावला, "निघाल्या का गं भाकरी?"

पलीकडून आधी रडणंच ऐकू आलं. "आई, आमीच शाळेच्या गच्चीवर बसलोत. दुधना घरात शिरली. कालपासून लेकराच्या पोटात काही न्हाई. तुमच्याकडूनच काही येतं का बघ." फोन बंद पडला. काकू मटकन खाली बसल्या. त्यांना तसं बसलेलं पाहून मलाच भीती वाटली.

पण बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. देवळाच्या खोलीत हरिनाम सप्त्याच्या पंगतीसाठी गोळा केलेला डाळ-तांदूळ होता आणि किल्ली होती आबांच्या कमरेला. आबा म्हणजे सप्त्याचे कारभारी आणि काकूंचे थोरले दीर. त्यांच्यासमोर काकू पदर ढळू द्यायच्या नाहीत. काही बोलायचं झालं तर मधे एखादं पोर उभं करायच्या. आज त्या सरळ पुढ्यात गेल्या आणि हात पुढे केला.

"आबा, किल्ली."

"देवाचं धान्य हाये ते, मथुरा. मंग सप्ता कशावर करायचा?"

"मानसं जगली तर सप्ता! न्हाई तर काय बेडकं बसवता पंगतीला?"

एवढ्या संकटातही देवळात हशा पिकला. आबांनी किल्ली काढून दिली.

खिचडीचं पहिलं पातेलं उतरलं, तसं काकूंनी ते टेकडीवर आणून ठेवलेल्या माझ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायला लावलं. "हे दुधनेकाठी." मग काय, गिल्लाच झाला. आपल्यालाच पुरेना आणि ही वाटायला निघाली! काकू गरजल्या, "आजवर त्यांचं खाताना गोड लागलं! दोघंबी बुडालो म्हनून सोयरीक बुडाली का?"

टेकडीमागच्या रस्त्यावरचं पाणी तोवर ट्रॅक्टर जाईल इतकं उतरलं होतं. मी चालवत होतो, काकू ट्रॉलीत झाकण दाबून बसलेल्या. वाटेतल्या वाटूर गावाच्या अलीकडे रस्त्यात पिंप आडवं लावून एक माणूस उभा होता.

"मावशी, माघारी फिरा. पुढं पाणी हाये."

"मागंबी पाणीच हाये, बाबा! मंग पुढं जायाला काय झालं?"

त्यानं काकूंकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि पिंप बाजूला सारलं.

पाण्यातूनच ट्रॅक्टर शाळेला भिडवला. जिन्यातच रंजना काकूंच्या गळ्यात पडली. "आई, घर गेलं गं. काहीच राह्यलं न्हाई." काकूंचे डोळे भरून आले. पण त्यांनी नातवाला कडेवर घेतलं आणि लेकीच्या हातात पळी दिली. "गेलं तर गेलं. हात हायेत ना? मंग रडतीस काय, वाढ! आधी शेजारच्यांची लेकरं."

रंजनानं डोळे पुसले. चारी बाजूंना पाणी, आणि त्या गच्चीवर पंगत बसली. काकू पंगतीतून ओरडत फिरत होत्या, "पोटभर खा रे! लागलं तर आनखी आनू!"

मागं देवळात किती उरलंय, ते मला ठाऊक होतं. काकूंनाही ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, तसा मीही ओरडलो, "आनू!"