वहीत लिहिलेले दूध

भोळ्या शंकराला आणि कुलस्वामिनीला वंदन करून लिहावयास बसतो आहे. आज श्रावणातला पहिला सोमवार. अभिषेकाचे ताम्हण घासून ठेवले आहे. त्यात पाणी पडेल, बिल्वदल पडेल, दूध पडणार नाही. आपल्या देवघरात दूध का वर्ज्य, असे काल सुनेने विचारले आणि सांगताना माझा आवाज चढला. इतक्या वर्षांनीही तो राग शमलेला नाही, म्हणून कागदावर उतरवतो.

तेव्हा आम्ही चाकूरला होतो. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. लातूर नुकताच स्वतंत्र जिल्हा झाला होता आणि जिल्ह्याचा स्वतःचा क्रीडासंघ प्रथमच बाहेर जाणार होता. माझी पंधरा वर्षांची धाकटी लेक गोळाफेकीसाठी त्या संघात जाऊ पाहत होती. निवड भाद्रपदात होती. तिच्या अंगात बळ यावे म्हणून मागच्या गल्लीतील तालमीच्या वृद्ध उस्तादांना मी विनंती केली. त्यांनी आमच्या अंगणात वाळूची पिशवी आणून ठेवली. ती डोक्यावर उचलायची आणि बैठका काढायच्या.

"खाण्यात समदं पायजे, गुरुजी," ते म्हणाले. "भाकर, डाळ, मोडाची मटकी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे अन् रोज पेलाभर दूध. अंडं म्हणत न्हाई, घाबरू नका! पण रोजचं रोज लिहायचं. न्हाईतर चढायलोय का घसरायलोय, कळत न्हाई."

लेखनाचे काम मी आनंदाने पत्करले. वहीच्या माथ्यावर श्रीकार काढला आणि रकाने आखले: बैठका, पिशवी किती वेळा उचलली, आहार काय झाला. सायंसंध्या आटोपली की मी वही उघडत असे. आषाढ सरेपर्यंत पिशवीचा आकडा सहावरून चौदावर गेला.

पाऊस मात्र फिरकला नाही. आड आटले, कडबा संपला, गवळ्याने दोन म्हशींना बाजार दाखवला. घरी पेलाभरच दूध येऊ लागले. पर्जन्यासाठी मी संकल्प सोडला: श्रावणभर महादेवाला रोज दुग्धाभिषेक. आणि त्याच हातांनी संध्याकाळी वहीत लिहीत राहिलो, 'दूध, एक पेला'. आहार ठरलेला होता, म्हणून विचारले नाही. पेला एकच येतो, हे मला दिसत होते. तरीही लिहिले.

आकडा बारावर आला, मग नऊवर. एका शनिवारी सकाळी आठव्या खेपेला पिशवी तिच्या हातून सुटली आणि ती मटकन खाली बसली. उस्तादांच्या देखत मी तिच्यावर ओरडलो. "अंगचोरपणा आहे हा! आहार सगळा चालू आहे, वही माझ्या हातात आहे!"

"हो, अण्णा," एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा पिशवीला हात घातला.

उस्तादांनी तिला थांबवले. "बेटी, खरं सांग. काय खायलीस?"

ती पिशवीची सुटलेली गाठ बांधू लागली. उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आले; माझी पत्नी तिथे उभी होती. "दूध सोडून सगळं खाते. दूध यांच्या ताम्हणात जातं. पोरीला मी भाताची पेज देते, आणि सोमवारी तर उपासच."

"मला का सांगितलं नाहीस?"

"संकल्पाच्या मध्ये बोलायचं कुणी? मागच्या वर्षी पूजेत शिंकले, तर आठ दिवस ऐकून घेतलं मी!"

उस्तादांनी वही हातात घेऊन पान उलटले. "म्हणजे गुरुजी, दूध वहीनंच पिलं म्हणायचं."

मला हसू आले नाही. माझ्या पाठांतराचा, सोवळ्याचा, घरात मी निर्माण केलेल्या त्या धाकाचा संताप आला. देवाने दूध मागितले नव्हते. मी ते लेकीच्या ओठांपासून काढून त्याच्या नावावर टाकले होते. वर तिलाच आळशी म्हणालो, आणि ती 'हो, अण्णा' म्हणाली. तिने मला खोटे ठरवायला हवे होते. ते धैर्य तिच्यात मीच उरू दिले नव्हते.

त्याच दिवशी श्रावणातील प्रत्येक पेला मी लाल शाईने खोडला आणि पुढे शून्य लिहिले. उरलेला अभिषेक जलाने केला. दूध तिच्या हातात दिले, आणि ती पिईपर्यंत समोरून हललो नाही.

निवडीला अठरा दिवस उरले होते. आकडा तेरापर्यंत परतला. चौदा पुन्हा झाले नाहीत.

निवडीच्या दिवशी लातूरहून ती संध्याकाळच्या एसटीने परतली, चपला काढून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "चार बोटं कमी पडली, अण्णा. लिहा वहीत."

मी लिहिले. ती चार बोटे कोणामुळे गेली, हे तिने कधी विचारले नाही, आणि मला आजही स्वतःला क्षमा करता आलेली नाही.

वाचकहो, तुमच्या घरी दूधदुभते अखंड राहो. ज्याच्या नावे वाटा काढला, त्याच्याच मुखी तो पडो. आणि घरातील थोरांची चूक थोरांना तोंडावर सांगण्याचे बळ तुमच्या लेकीसुनांना तो शंभू देवो.