थर्मासभर समुद्र

वीस वर्षं तो गावाकडच्या उबदार समुद्रात पाणबुड्या होता, तेही अर्ध्या बाह्यांच्या पातळ सूटमध्ये. इथल्या हाडं गोठवणाऱ्या पाण्यात जहाजांचे तळ खरवडायचे, तर जाडजूड रबरी सूट, हातमोजे, खाली बुडायला कमरेला दुप्पट शिसं! "बायकोसुद्धा ओळखायची नाही," तो कुरकुरायचा. उतरण्याआधी, गारठ्याचा पहिला झटका बसू नये म्हणून, मुकादम थर्मासमधलं कोमट पाणी त्याच्या सूटच्या गळ्यातून आत ओतायचा. ते पाठीवरून ओघळलं की हा डोळे मिटून बोटीच्या काठावर बसूनच राहायचा.

"अरे शहाण्या, ऊब आहे तोवर उडी मारायची असते!" एके सकाळी मुकादम खेकसला. "गार झाल्यावर काय उपयोग?"

"माहितीये, दादा. पण गार होईपर्यंत मी घरी असतो."

मुकादमानं ओठांवरची शिवी गिळली आणि उरलेला थर्मासही त्याच्या सूटच्या गळ्यात हळूहळू रिकामा केला.