साहेबांच्या मेलमधला ‘फॉइबल’

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. एका खोलीत चार माणसं आठ-आठ तास बसली की ते साठत जातात. कोठी भागातल्या आमच्या छोट्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तर निम्मे किस्से एकाच शब्दाचे आहेत.

दिवाळीच्या आधी नवे साहेब आले, मूर्तीसाहेब. दुसऱ्याच दिवशी त्यांचा इंग्रजीत मेल आला. त्याचा अर्थ असा: ‘प्रत्येकाचे फॉइबल्स असतात. तुमचे माझ्या लक्षात येत आहेत. पुढच्या शुक्रवारी बोलू.’

आम्ही चौघं. मी, रक्त काढणारे रहमतभाई, नळ्यांवर लेबलं लावणारी लक्ष्मी आणि काउंटरवर पुण्याच्या जोशी मॅडम. चौघांनी मेल वाचला आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

रहमतभाईंनी तोडगा काढला. “फाइल्सच लिखा उनो. बीच में ‘बी’ गलती से पड़ गया.”

पटलं. मग आम्ही दोन दिवस कपाटातल्या सगळ्या फायली तारखेप्रमाणे लावल्या. साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, “गुड. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

*

मी मोबाइलवर अर्थ पाहिला. ‘स्वभावातली किरकोळ खोड.’ किरकोळ म्हटल्यावर बरं वाटायला हवं होतं. पण माझी नेमकी कोणती, आणि साहेबांना ती कुणी सांगितली?

संध्याकाळी अंबरपेठला घरी गेलो आणि बायकोला, सुषमाला, सहज विचारलं, “माझ्यात एखादी बारीकशी खोड आहे का गं?”

तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, “बसा. आधी चहा ठेवते.”

*

रहमतभाईंना खरा अर्थ मीच सांगितला. त्यांचा चेहरा पडला. दुपारी ते थेट केबिनमध्ये गेले आणि साहेबांना म्हणाले, “साब, जुम्मे के दिन मैं नमाज़ के बाद घर जाके खाना खातूं. आधा घंटा लेट होता. आपको तो मालूमच है.”

“मला माहीत नव्हतं,” साहेब म्हणाले.

रहमतभाई बाहेर आले आणि माझ्यासमोर बसले. “कांबळेसाब, आज के बाद मेरेकू किसी लफ़्ज़ का माने नक्को बताओ.”

*

जोशी मॅडम आणि मी डबा खाताना मराठीत बोलतो. मी मूळचा नांदेडचा. त्यांना माझी मराठी ऐकून हसू येतं, मला त्यांची ऐकून. इतकी वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. त्या आठवड्यात वाटायला लागलं.

एकदा मॅडम म्हणाल्या, “लक्ष्मीचं आता लवकर उरकून टाकायला हवं.” म्हणजे लक्ष्मीपूजनाची खरेदी. पलीकडे लक्ष्मी डबा खात होती. ती तेलुगू घरातली, तिला एवढंच कळलं की आपलं नाव निघालं. तिने डबा बंद केला.

दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून तिने हिंदीत विचारलं, “तुम्हाला दोघांना कधी कळलं?”

“काय?”

तिला रडू फुटलं. मागच्या आठवड्यात तिच्या हातून दोन नळ्यांची लेबलं बदलली होती. कळलं तेव्हा दोन्ही रिपोर्ट गेलेले होते. एक म्हातारे गृहस्थ, विद्यानगरचे, साखर नाही असं समजून निर्धास्त झाले असतील. ही रोज त्यांचा नंबर काढायची आणि फोन न करता ठेवून द्यायची.

मी म्हटलं, “चल.” आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःच दोन्ही पेशंटना फोन लावला, माफी मागितली आणि परत यायला सांगितलं. म्हातारे गृहस्थ सकाळी उपाशीपोटी आले, खूप बोलले. लक्ष्मी मान खाली घालून उभी होती. शेवटी तेच म्हणाले, “आता लेबल नीट लाव गं, पोरी.”

ते गेल्यावर तिने विचारलं, “सर, तुम्ही मेलमध्ये माझं हेच लिहिलं होतं ना?”

“नाही. ही चूक आहे. चूक सुधारता येते. फॉइबल सुधारत नाही, बाकीचे ते सांभाळून घेतात. मी लिहिलं होतं ते तू पेनाची टोपणं चावतेस त्याबद्दल.”

*

शुक्रवार आला. साहेबांनी सगळ्यांना एकसारखे कागद दिले. “आपलं एकेक फॉइबल लिहा. नाव नको. मीही लिहितो.” चिठ्ठ्या एका रिकाम्या खोक्यात टाकल्या. तेवढ्यात काउंटरवर पेशंट आला, म्हणून आम्ही दहा मिनिटं आत-बाहेर केलं.

परत बसल्यावर साहेब चिठ्ठ्या वाचू लागले. कुणी उगाच खोटं हसतं. कुणी फोन उचलायचं टाळतं. कुणाला दुसऱ्याच्या डब्यातलंच आवडतं. कुणी दार लावलं की नाही ते तीनदा बघतं. पाचवी साहेबांची होती, ते त्यांनीच सांगितलं: अवघड शब्द वापरायची हौस. सगळे हसले.

आम्ही पाच जण होतो. खोक्यात अजून एक चिठ्ठी होती.

साहेबांनी ती उघडून मनातल्या मनात वाचली. पुन्हा वाचली. एकेकाकडे पाहिलं.

“हे फॉइबल नाही, चूकही नाही. मुद्दाम केलेलं आहे. दोन कुणी लिहिल्या?”

त्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, “ठीक आहे. कामाला लागा.”

सोमवारी आलो तर रक्ताच्या नळ्या ठेवायच्या फ्रीजला नवं कुलूप होतं, किल्ली साहेबांकडे.